केळीच्या पानाखालचं यंत्र

जळगावला पॅसेंजरमध्ये मांडीवर खोकं घेऊन बसलो, तेव्हा समोरच्या काकांनी आत काय आहे म्हणून विचारलं. आकाशातली धूळ तपासायचं यंत्र, असं सांगितल्यावर ते म्हणाले, धूळ आमच्याकडे फुकट मिळते. अमळनेर येईपर्यंत माझ्या शर्टानेही ते मान्य केलं होतं.

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या शेवटची. ताऱ्यांमधल्या धुळीच्या दिशेकडून सूक्ष्मलहरी (मायक्रोवेव्ह) येतात, पण त्या निघतात कशातून यावर वाद होता. कुणी तापलेल्या वायूकडे बोट दाखवी, कुणी चुंबकीय क्षेत्रातल्या इलेक्ट्रॉनांकडे. धुळीचे अतिबारीक कणच गरगर फिरताना लहरी सोडतात, अशी नवी कल्पनाही आली होती. मला तिचा छडा लावायचा होता. पण शहरातल्या रेडिओलहरींच्या गोंगाटापासून दूर माझं यंत्र तीन दिवस स्थिर चाललं नाही तर विषय बदलायचा, असं पुण्यात माझ्या पीएचडीच्या सरांनी बजावलं होतं.

नरडाण्याला मित्राचे मामा, नाना, घ्यायला आले. त्यांच्या धाब्यावर (मातीच्या सपाट छतावर) नरसाळ्यासारखा अँटेना आभाळाकडे तोंड करून मांडला आणि वायर खाली ओसरीत, कागदावर रेघ ओढणाऱ्या नोंदयंत्राला जोडली. सकाळी कागदावरची रेघ सरळ, दुपारी मात्र एकदम वर. दोन दिवस मी ओसरीतल्याच वायरी बदलल्या, उन्हाला शिव्या दिल्या. नानांच्या पत्नी, अक्का, कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) आणि भरीत वाढत होत्या, पण घास उतरत नव्हता. दोन वर्षांची मेहनत पाण्यात गेली असं मी धरूनच चाललो.

तिसऱ्या दुपारी नाइलाजाने तापलेलं धाबं चढलो. अँटेनाच्या तोंडावर ओलं केळीचं पान, सुतळीने पक्कं बांधलेलं. शेजारी अक्का पापड वाळत घालत होत्या.

"भाऊ, बठ्ठी धूळ मजार जाई ऱ्हायनी व्हती, म्हनीसन झाकी दिनं," त्या म्हणाल्या. (सगळी धूळ आत जात होती, म्हणून झाकून ठेवलं.) संध्याकाळी पापडांबरोबर पानही त्या आठवणीने उचलत.

पाण्याने भरलेलं पान स्वतःच सूक्ष्मलहरी सोडतं. सुतळी सोडून पान काढलं आणि खाली धावलो. रेघ सरळ झाली होती. मी ओसरीतच बसकण मारली आणि हसत सुटलो. त्या दिवशी चार भाकऱ्या खाल्ल्या.

पुण्यात सरांनी कागद पाहिले. दुपारचा उंचवटा कशाचा म्हणून विचारलं. मी अक्कांच्या पानाचं सांगितलं. लहरींच्या संभाव्य स्रोतांच्या यादीतल्या 'यंत्रातला बिघाड' या ओळीवर त्यांनी काट मारली.

"तीन दिवसांत एक स्रोत तर नक्की सापडला," ते म्हणाले. "विषय तुझाच. आता वरच्या धुळीचं बघ."