कुंदाअक्काने गॅस बंद केला

आमच्या यात्रेच्या बसमध्ये कुंदाअक्का सगळ्यांत शेवटच्या सीटवर बसायची. मांडीवर परात, पायाशी सिलिंडर. चोपड्याकडची. नवरा गेल्यावर लीलाधरभाऊंच्या यात्रा कंपनीत स्वयंपाकाला लागली, त्याला अकरा वर्षं झाली. काशी, जयपूर, मदुराई, सगळीकडे जाऊन आली आणि काहीही पाहिलं नाही. आम्ही देवळात जायचो तेव्हा ती कांदे चिरत असायची.

गावात बाया विचारायच्या, "अक्का, काशी कशी शे?" ही सांगायची, "नळले पानी गोड शे." खोटं बोलायची सवय नव्हती. तिने काशीत नळच पाहिला होता.

"मीही देऊळ पाहायला येऊ का?" असं दर यात्रेत ती लीलाधरभाऊंना विचारायची आणि ते म्हणायचे, "पुढच्या खेपेला नक्की." मी जळगावच्या मेहरूणची, निवृत्त मास्तरीण. तीन यात्रांत हे माझ्या कानांनी ऐकलं, तिच्या हातची वरण-बट्टी चापली आणि गप्प बसले. लाज वाटते, पण खरं ते खरं.

या वर्षी नेपाळला गेलो. भक्तपूर म्हणजे जुन्या राजांची नगरी. पंचावन्न खिडक्यांचा राजवाडा, पाच छपरांचं उंच देऊळ. धर्मशाळेच्या पत्र्याखाली अक्काने पहाटेच बट्ट्या वळून उकडून ठेवल्या. आम्ही निघालो, तर मागून ती आली. पदर खोचलेला, हात पुसलेले.

"अक्का, कुठे?" लीलाधरभाऊ ओरडले.

"देऊळ देखाले."

"आणि चाळीस माणसांचं जेवण?"

"वरण व्हयेल शे. बट्ट्या उकडेल शेतस. थंड होऊ द्या, कापा, तळा. गॅस मी बंद करेल शे."

"ही कामाची वेळ आहे, अक्का!"

"अकरा वरीसथून कामनीच वेळ शे, भाऊ."

आणि चालू लागली. मी तिचा हात धरला. जरा उशिराच धरला म्हणा.

राजवाड्यासमोर ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. एकेक खिडकी बोट दाखवून मोजली. मध्येच चुकली, पुन्हा पहिलीपासून सुरू केली. आम्ही घाई केली तर म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे."

मग देवळाच्या पायऱ्या. दोन्ही बाजूंना दगडी पहारेकरी: खाली पैलवान, वर हत्ती, त्यावर सिंह. वाटाड्याने सांगितलं, प्रत्येक जण खालच्यापेक्षा दहापट बलवान. अक्काने पैलवानाच्या दंडावर थाप मारली आणि गुडघे धरत वर चढली. वर गेलो तर गाभाऱ्याचं दार बंद. पुजाऱ्याशिवाय कुणाला आत सोडत नाहीत.

आमच्यातली मोहिनी हसली. "घ्या! एवढं चढलात अन् आत जाताच येत नाही."

"माले आत नही जानं, पोरी," अक्का म्हणाली. "अकरा वरीस मी आतच व्हती."

आणि उंबऱ्याकडे पाठ करून बसली. खाली सगळं नगर, लाल कौलं, कबुतरं. अर्धा तास ते पाहत बसली. मला रडू आलं, पण ती रडत नव्हती, म्हणून मीही आवरलं.

परतलो तर तमाशा! लीलाधरभाऊंनी बट्ट्या गरमच कापल्या होत्या. खानदेशात जन्म घेऊन हे माहीत नसावं? कढईत नुसता भुगा. घामाघूम होऊन ते भुग्यावर वरण ओतत होते.

"पुढच्या यात्रेला तू नकोस," ते कुंदाअक्काला सगळ्यांदेखत म्हणाले. "मी नवी बाई लावतो."

अक्काने ताट घेतलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा आमच्या पंगतीत, माझ्या शेजारी मांडी घालून बसली.

"लावा ना, भाऊ. पन तिले पहिले देऊळ दखाडा, मंग गॅस दखाडा," ती म्हणाली आणि ताट पुढे केलं. "आते वाढा."

लीलाधरभाऊंनी वाढलं.