चटणीला काम हवं होतं

"डॉक्टर, हिच्या डोळ्यांतून रक्त येतंय," असं म्हणत काकूंनी टॉवेल टाकलेला पिंजरा माझ्या टेबलावर ठेवला.

मी टॉवेल उचलला. आत उंदीर होता. घरात शिरतो तसला नव्हे, पाळीव. डोकं आणि खांदे काळे, बाकी अंग पांढरं. कोपऱ्यात पाठ वाकवून बसला होता. दोन्ही डोळ्यांभोवती लाल पापुद्रा जमला होता.

"मादी आहे," काकू म्हणाल्या. "चटणी नाव आहे तिचं."

माझं क्लिनिक अंबरनाथ पूर्वेला आहे. येतात ती बहुतेक कुत्री आणि मांजरं. पालेगावच्या बाजूला टॉवर उभे राहिले तसे ससे, पक्षी आणि अधूनमधून उंदीरही यायला लागले. पण ते आणतात कॉलेजची मुलं. जाधव काकू पन्नाशीच्या, बदलापूर गावात राहणाऱ्या, उल्हासनगरच्या एका कारखान्यात जीन्स शिवणाऱ्या. त्यांच्यामागे दाराला टेकून काका उभे होते. ते आत आलेच नाहीत.

मी चटणीला तपासलं. छाती साफ होती. दात ठीक होते. वजन मात्र फार कमी होतं आणि पुढच्या पायांवरचे केस गेले होते. ते तिने स्वतःच कुरतडले होते.

"हे रक्त नाही," मी सांगितलं. "उंदराच्या डोळ्यामागे एक ग्रंथी असते. तिचा स्राव लाल असतो. उंदीर आजारी असला किंवा टेन्शनमध्ये असला की तो जास्त येतो, आणि अंग साफ करायचं उंदीर सोडून देतो. एकटीच आहे का ही?"

"दोघी होत्या. इडली आणि चटणी. इडली मागच्या महिन्यात गेली." काकूंनी टॉवेलची घडी घातली. "मुलाने आणल्या होत्या. प्रशिकने. नावं पण त्यानेच ठेवली. तो... बाइक घसरली त्याची. उन्हाळ्यात."

दारातून काका म्हणाले, "औषध द्या, आम्ही निघतो."

देण्यासारखं औषध नव्हतं. खाण्याला चव यावी म्हणून एक सिरप दिलं आणि दुसरी मादी सोबतीला आणा असं सुचवलं. उंदीर कळपात राहणारा प्राणी आहे, एकटा पडला की झुरतो. काकूंनी मान हलवली, पण ती होकाराची नव्हती.

दुसऱ्या दिवशी काका एकटेच आले. हातात पिंजरा होता. समोर पेशंट नव्हता म्हणून लगेच आत घेतलं.

"तिला इंजेक्शन देऊन टाका," ते म्हणाले. "शांतपणे जाईल असं काहीतरी असतं ना तुमच्याकडे?"

"असतं. पण तिला असाध्य आजार नाही, काका. मी देणार नाही."

"मग शेतात सोडतो."

"संध्याकाळपर्यंत मांजर खाईल. तिला बाहेर जगता येत नाही."

ते खुर्चीत बसले. मग म्हणाले, "ही रोज त्याच्या खोलीकडे तोंड करून बसते. मी समोर जेवतो. मला नाही बघवत, मॅडम."

मला जे येतं तेवढंच मी बोलले. प्रशिक तिच्याशी दिवसभरात काय करायचा, ते विचारलं.

"खेळायचा. खोक्यांची घरं करायचा. कशात तरी शेंगदाणा लपवून ठेवायचा, ह्या दोघी शोधायच्या. आम्ही हसायचो, इतका मोठा झाला तरी."

"तेच तिचं औषध होतं. उंदराला डोकं असतं. वाटीत आयतं खाणं मिळालं आणि दिवसभर करायला काही नसलं, की तो असा बसून राहतो. जनावराला काम लागतं, काका."

काका मशीनशॉपमध्ये फिटर होते. कंपनी बंद पडल्यापासून घरीच होते, हे मला नंतर कळलं. त्या वेळी त्यांनी फक्त विचारलं, "काय काम द्यायचं?"

मी सांगितलं. टिश्यू पेपर संपला की आतला पुठ्ठ्याचा रोल ठेवा. त्यात दाणे घालून दोन्ही टोकं दुमडा. अंड्याच्या ट्रेच्या खळग्यांत बाजरी टाका आणि वरून कागदाच्या पट्ट्या दाबा. बशीत थोडं पाणी घेऊन मटार सोडा, ती हाताने पकडते. खोक्यात माती भरून मेथी पेरा, ती उकरेल. आणि रोज थोडा वेळ तिला बाहेर काढून कुणीतरी तिच्याजवळ बसा.

"कुणीतरी म्हणजे?"

"काकू कामाला जातात ना?"

काका पिंजरा घेऊन निघून गेले. मला वाटलं, हे पुन्हा येत नाहीत.

आठवड्याने ते चटणीला आणि एक चक्र घेऊन आले. उंदराला पळायला बारीक जाळीचं चाक, मधे बेअरिंग बसवलेलं. बोटाने फिरवलं तर बराच वेळ फिरत राहिलं, आवाज अजिबात नाही. मला ते नाकारताना वाईट वाटलं.

"जाळीत पाय अडकून मोडतो, काका. शेपूट अडकते. पृष्ठभाग सलग हवा."

"मग प्लास्टिकचा डबा कापतो. व्यास किती धरू?"

"पळताना तिची पाठ सरळ राहिली पाहिजे. वाकली तर लहान झालं."

त्यांनी खिशातून पट्टी काढली आणि टेबलावरच्या चटणीचं माप घेतलं. चटणी पट्टी हुंगत राहिली. तिच्या डोळ्यांभोवतीची लाली कमी झाली होती.

मग काकांकडून फोनवर फोटो यायला लागले. नारळाची करवंटी, तिला गोल दार पाडलेलं, कडा पॉलिशपेपरने गुळगुळीत केलेल्या. जीन्सच्या तुकड्यांचा झोपाळा, तो काकूंनी शिवलेला. त्याची शिवण दुहेरी होती, तरी चटणी ती उसवायची आणि काकू पुन्हा घालायच्या. एका फोटोत काकांच्या बनियनच्या गळ्यातून चटणीचं डोकं बाहेर आलं होतं. काकांचा चेहरा फोटोत नव्हता. मी दुसऱ्या मादीचा विषय आणखी एकदा काढला. काकांचा मेसेज आला, "नको. मी आहे दिवसभर."

थंडीत चटणीच्या पोटाखाली गाठ आली. म्हाताऱ्या माद्यांमध्ये ती फार दिसते. ऑपरेशन करता येतं, पण तिचं वय पाहता ती भुलीतून उठेल याची खात्री मी देऊ शकत नव्हते. तसं स्पष्ट सांगितलं. काका म्हणाले, "दुखणार नाही एवढं बघा." मी वेदनाशामक सुरू केलं. तिला चढता येईना, तेव्हा त्यांनी शिडी काढून उतार बसवला. करवंटीचं दार मोठं केलं. मटार पाण्यात न सोडता हातावर द्यायला लागले.

एका दुपारी काकू एकट्या आल्या. पिंजरा धुऊन पुसून आणला होता. आत झोपाळा, करवंटी, चाक, सगळं नीट लावलेलं.

"गेली," त्या म्हणाल्या. "हे तुमच्याकडे ठेवा. कुणाला लागलं तर द्या."

"काका कसे आहेत?"

काकू खुर्चीत बसल्या. "सकाळी ती हलेना. ह्यांनी तिला उचललं आणि हाक मारली. चटणी म्हणून नाही, डॉक्टर. प्रशिक म्हणून. दोनदा मारली. मग खाली बसले आणि जे रडायला लागले... हॉस्पिटलमध्ये रडले नव्हते. स्मशानातही नाही. सगळ्यांना पाणी देत फिरत होते. मला तर वाटायचं, ह्यांना काही वाटतच नाही की काय."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? शेजारी बसले. मग मीपण रडले."

माझ्याकडे तेव्हा दोन माद्या घर शोधत होत्या. एका मुलीला नोकरीसाठी पुण्याला जायचं होतं, तिच्या त्या. मी विचारलं. काकूंनी पिंजऱ्याच्या दाराची कडी लावली, पुन्हा काढली.

"नको. आता आम्हाला दोघांना जरा राहू दे."

मी आग्रह केला नाही. पिंजरा त्या दोन माद्यांसोबत दुसऱ्या घरी गेला.

उंदीर पाळायचा म्हणून जे येतात त्यांना मी सांगते, दोन घ्या, एक नको. रोज काहीतरी शोधायला द्या. ते दोन-तीन वर्षंच जगतात, हे आधी घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. मागे राहिलेला उंदीर कसा सांभाळायचा ते मला सांगता येतं. मागे राहिलेल्या माणसांचं मला विचारू नका. ते मला कुणी शिकवलेलं नाही.