मूर्ती राहिली मुलुंडला

डांबरगोळ्यांचा वास आला की मला मुलुंडच्या घरातली ती दुपार आठवते. स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली होती आणि मला वैधव्य येऊन तीन. आफ्रिकेत मोंबासाच्या एका शाळेत शिक्षिकेची नोकरी मिळाली होती, दुसऱ्या दिवशी आगबोट सुटणार होती. उघड्या ट्रंकेत लुगडी, पुस्तकं आणि मधोमध पंच्यात गुंडाळलेला, माझ्या रोजच्या पूजेतला पितळी बाळकृष्ण होता. थोरल्या दिरांनी तो उचलून घेतला. “घरचा देव समुद्रापार जायचा नाही,” ते म्हणाले, “आणि तू तरी कुणाच्या भरवशावर निघालीस? तिथे कोण आहे तुझं?” “हाच,” मी म्हणाले. “हा तर इथेच राहणार!” दीर म्हणाले. तांदूळ निवडणाऱ्या सासूबाईंचा हात थांबला. मी ट्रंकेचं झाकण मिटलं. “मूर्ती ठेवून घ्या, भाऊजी. तो माझ्याबरोबर येतोय. त्याला तुमची परवानगी लागत नाही.” आणि मी ट्रंकेला कुलूप लावलं. बोटीवर रोज सकाळी कठडा धरून, पाण्याकडे बघत मी विचारायची, “आहेस ना रे?” उत्तर कधी आलं नाही, पण बंदरावर मी एकटी, ताठ मानेनं उतरले. तिथे चौदा वर्षं शिकवलं. परत आले तेव्हा दिरांनी आपणहून बाळकृष्ण पुढे केला. मी नमस्कार केला, पण घेतला नाही. आज माझ्या घरात देव्हारा नाही. शेजारणी मला नास्तिक म्हणतात. म्हणू देत.