नेटवर्क नसलेल्या गाडीत आलेला फोन

माझा देवावर जेमतेम, भुतांवर अजिबात नाही आणि कस्टमर केअरवर पूर्ण विश्वास होता. यातला शेवटचा या अक्षय तृतीयेला उडाला. मधल्याचं काय झालं ते मलाच नीट सांगता येत नाही… म्हणून इथं लिहून राहिलो. हसणाऱ्यांनी खुशाल हसावं. माझ्यावर हसण्याची सासुरवाडीत तर रीतच आहे.

मी टेकचंद. गोंदियाजवळ दवनीवाड्याला आमची छोटी राइस मिल आहे. मिलच्या छपरावर सोलर बसवलं तेव्हा डोक्यात किडा वळवळला — वीज घरची आहे तर गाडीत डिझेल कायले? घेतली इलेक्ट्रिक कार. बायकोच्या चुलतभावाच्या लग्नात नवरदेव याच गाडीत बसणार, असं मीच छाती ठोकून सांगितलं. सजवली, एसी फुल्ल, गाणी फुल्ल, आणि चार्जिंगकडं पाहायचं राहून गेलं. कोहमाऱ्याच्या अलीकडं गाडी शांतपणे थांबली. शेवटी नवरदेवासकट गाडी ट्रॅक्टरला बांधून मांडवात नेली. समोर बँड, मधात ट्रॅक्टर, मागं आम्ही.

त्याचा व्हिडिओ काढणारा माणूस म्हणजे माझे मोठे साडभाऊ, खेमराज. माझ्या बायकोच्या, भूमेश्वरीच्या, मोठ्या बहिणीचा नवरा. गोंदिया शहरात राहणारा, मोठी डिझेल गाडी बाळगणारा, अर्धं हिंदीत बोलणारा. तो व्हिडिओ त्यानं साऱ्या नात्यात फिरवला. खाली लिहिलं — "साडूभाई का खिलौना." मीही हसलो. तोवर हे सगळं गमतीचंच होतं.

गंमत संपली ती सासूबाई गेल्या त्या दिवशी.

आमची सासुरवाडी केशोरीला. सासूबाईंना मी मामीजी म्हणायचो. त्या दिवशी मामाजी, म्हणजे सासरे, धानाच्या बांध्यांकडं गेले होते आणि मामीजी घरी एकट्या होत्या. छातीत दुखायला लागलं तसा त्यांनी आपल्या बटणाच्या फोनवरून खेमराजला फोन लावला. गाडी काही आली नाही. शेजाऱ्यांनी ऑटोत घातलं, पण दवाखाना यायच्या आधीच सगळं आटोपलं. तिसऱ्या दिवशी खेमराजनं साऱ्यांदेखत मामाजींना सांगितलं, "मामाजी, मैं तो नागपूर में था. मामीजीचा फोन आला तसा मी लगेच टेकचंदले लावला. तो इथं जवळ अर्जुनीतच होता ना! पण तो म्हणे, गाडीत चार्ज नाही."

मी खरंच त्या दिवशी धानाच्या कामानं अर्जुनीत होतो. पण मला फोन आलाच नव्हता! मी मोबाइल काढून दाखवला. खेमराज मान खाली घालून म्हणाला, "मिटवला असन. जाऊ द्या मामाजी… गाडीच तशी हाय, त्याचा का दोष?"

बघा, कसा मारला. कोहमाऱ्याची वरात साऱ्यांनी पाहिलेली. चार्ज नाही म्हटल्यावर कोण नाही म्हणणार? माझ्याच बावळटपणानं माझ्याविरुद्ध साक्ष दिली.

तेव्हापासून मामाजी माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. समोर बसलो असलो तरी भूमेश्वरीला म्हणायचे, "तुझ्या नवऱ्याले सांग, पाणी ठेवलं आहे." भूमेश्वरीचा माझ्यावर विश्वास होता… बहुतेक. पण एकदा तिनं विचारलंच, "खरंच आला नव्हता ना फोन?" त्या दिवसापासून मी खेमराजचा बदला कसा घ्यावा याचाच विचार करायचो. त्याच्या डिझेलच्या टाकीत साखर टाकण्यापासून सारं मनात करून झालं. हिंमत एकाचीही झाली नाही, ते सोडा.

आता या अक्षय तृतीयेचं. मामीजींची ही पहिलीच अक्षय तृतीया. आमच्याकडं त्या दिवशी नवी घागर भरून पितरांना पाणी देतात, आणि गेलेल्या माणसाच्या जागी कोणालातरी पित्तर म्हणून जेवायला बसवतात. बाई गेली असेल तर बाईला. तिचे पाय धुवायचे, तिला पोटभर जेवू घालायचं. ती जेवली म्हणजे गेलेलं माणूस जेवलं. मामीजींच्या जागी त्यांची जिवाभावाची मैत्रीण सकूबाई बसणार होती. म्हातारी जंगलाच्या अंगाला एका टोलीवर, चार घरांच्या वस्तीत, राहते. कानानं पार गेलेली. तिला आणायचं होतं.

आम्ही आदल्या दिवशीच केशोरीला पोचलो होतो, आणि सकाळीच माझ्या गाडीनं रंग दाखवला. स्क्रीनवर नेटवर्कच्या खुणेवर काट मारलेली. मोबाइलमधल्या ॲपवर — 'वाहनाशी संपर्क होऊ शकत नाही'. केशोरीत मोबाइललाच रेंज शोधावी लागते, तिथं गाडीतल्या सिमचं काय! पण मला दम कुठे? आवाराच्या कोपऱ्यात एक काडी रेंज पकडून हेल्पलाइनला फोन लावला. बाई फार गोड होती. "सर, गाडी मोकळ्या आकाशाखाली उभी करा." केली. "सर, स्टिअरिंगवरची दोन्ही बटणं दाबून धरा." धरली. स्क्रीन काळी झाली, परत आली. "आता सेटिंगमध्ये जाऊन रीसेट करा." तिला म्हणायचं होतं नेटवर्क रीसेट. मी दाबलं त्याच्या खालचं.

झालं. गाडी कारखान्यातून आल्यासारखी कोरी झाली. जोडलेला फोन गेला, नंबर गेले, गाणी गेली. आणि भाषा? भाषा आली मल्याळम! निदान मला तरी तशी वाटली. सारी अक्षरं जिलेबीसारखी गोल. मराठी परत आणायचं बटण त्या जिलेबीत कुठे आहे ते कळेना. तेवढ्यात फोनची बॅटरी संपली. तो मी स्वयंपाकघरात चार्जिंगला लावला.

खेमराज ओसरीवरून पाहतच होता. "काऊन टेकचंद, गाडी केरळले चालली का?"

मामाजी भूमेश्वरीला म्हणाले, "तुझ्या नवऱ्याले सांग, सकूबाईले घेऊन ये म्हणा. खेमराजची गाडी बैलबंडीच्या मागं अडकली आहे." मग खेमराजकडं वळून — "तू संग जाय बाप्पा. याच्या गाडीचा भरोसा नाही."

तेव्हा जे काळजात गेलं ना… जाऊ द्या.

खेमराज माझ्या गाडीत त्या दिवशी पहिल्यांदा बसला. आधी त्यानं तिला खेळणं म्हणून हातही लावला नव्हता. मागच्या सीटवर ऐसपैस बसला. टोलीवर पोचलो, सकूबाईला उचलून पुढं बसवलं. नवं लुगडं, कपाळावर कुंकू, हातात काठी. गाडीचा आवाज येईना म्हणून तिला काही फरक पडला नाही, तिला कशाचाच येत नाही. खेमराज वाटेभर टोमणे मारत होता. मी स्टिअरिंग आवळून, दात आवळून चालवत होतो. मनात म्हटलं, मामीजी, तुम्हीच पाहून घ्या याच्याकडं. हे मी अगदी सहज म्हटलं. आपण म्हणतोच ना तसं.

भर दुपारी आवारात गाडी लावली. मांडवाखाली सारी मंडळी थांबलेली, पाट मांडलेला, नव्या घागरीवर खरबूज ठेवलेलं. मी उतरलो, सकूबाईचं दार उघडून तिला उतरवलं. खेमराजचं दार मात्र उघडेना.

"अरे यार, लॉक खोल ना!"

मी बटण दाबलं. पुढची दारं टकटक करून उघडत-मिटत होती. मागची दोन्ही ढिम्म. काच खाली होईना. खरं सांगतो, जरा बरं वाटलं. म्हटलं, "थांबा भाऊ, रीस्टार्ट मारतो." बटणं दाबून धरली, आणि गरजेपेक्षा जास्तच वेळ धरली! पुढची दारं उघडी होती, गुदमरण्याचा प्रश्न नव्हता. मधून पुढं येता आलं असतं. त्यानं प्रयत्नही केला. पण पोट दोन सीटच्या मधात अडकलं. पोरी तोंडाला पदर लावून हसू लागल्या. त्याचा व्हिडिओ काढायची माझी फार इच्छा झाली, पण फोन स्वयंपाकघरात.

स्क्रीन काळी होऊन परत लागली. नेटवर्कवर काट तशीच. आणि रिंग वाजली.

गाडीच्या साऱ्या स्पीकरमधून, साध्या जुन्या फोनची वाजते तशी. स्क्रीनवर येणारा कॉल, हिरवं बटण, लाल बटण, भोवती ती गोल अक्षरं… आणि नाव मराठीत.

'बुढी केशोरी'.

मला कळेना. मी मामीजींचा नंबर 'मामीजी' म्हणूनच ठेवला होता, आणि तोही सकाळीच पुसला गेलेला. खेमराजकडं पाहिलं. सीटच्या मधात अडकलेला तो माणूस पांढराफटक पडला होता. त्याचा मोबाइल त्याच्याच हातात होता. बंद नव्हता, पण गप्प होता. वर लिहिलेलं — सेवा नाही.

मामाजी गाडीजवळ आले. वाकून त्यांनी नाव एकेक अक्षर लावून वाचलं. "बु-ढी… के-शो-री. हे कोण?"

मग खेमराजची बायको, निर्मलाताई, हळूच म्हणाली, "बाबा… यांच्या फोनात आईचं नाव असंच आहे."

खेमराजनं हात लांबवून लाल बटण दाबलं. रिंग थांबली… परत वाजली. परत कापली. परत वाजली. तिसऱ्यांदा त्याचा अंगठा न पाहताच बरोबर लाल बटणावर गेला. सवयीचा अंगठा होता तो. साऱ्या आवारानं पाहिला.

मामाजी शांतपणे म्हणाले, "त्या दिवशीबी असाच कापला का रे?"

"नाही मामाजी, मैं तो नागपूर—"

रिंग वाजली. या वेळी इतकी मोठी की झाडावरचे कावळे उडाले.

"उचल," मामाजी म्हणाले.

"नाही उचलत! नाही उचलत मी!" खेमराज रडकुंडीला आला. "नवेगावले होतो मी! तलावाच्या बांधावर. दोस्त होते, कोंबडा शिजत होता. मले वाटलं, बुढी काही काम सांगन… कापला. परत आला, परत कापला. मग बंदच केला. मले का माहीत होतं मामाजी, मले का माहीत!"

"अन् टेकचंदले फोन?"

"नाही केला."

रिंग थांबली. मागची दोन्ही दारं टक करून उघडली. मी कशालाही हात लावला नव्हता. माझे दोन्ही हात तर डोक्यावर होते.

नवेगावबांध ते केशोरी गाडीनं किती थोडा वेळ लागतो, हे तिथं उभ्या प्रत्येकाला माहीत होतं. मामाजी फक्त म्हणाले, "पित्तर ताटकळली. पाय धुवा."

पाय धुण्याचा मान मोठ्या जावयाचा. खेमराज घामानं ओला, लोटा घेऊन सकूबाईपुढं बसला. तिला यातलं काहीच ऐकू गेलेलं नव्हतं. ती सारा वेळ मांडवात आमच्याकडं पाठ करून घागरीकडं पाहत बसली होती. त्यानं पाणी ओतायला लोटा वाकवला, आणि म्हातारीनं पाय लुगड्याखाली ओढून घेतले. परत वाकवला, परत ओढले. त्याच्याकडं पाहिलंही नाही. मग काठीचं टोक माझ्याकडं करून म्हणाली, "तू ये."

मी धुतले. निर्मलाताई नवऱ्याकडं न पाहता आत निघून गेली. खेमराज त्या दिवशी जेवला नाही. त्याला कोणी बस म्हटलंच नाही. मी जेवलो. पुरणपोळ्या, वडे, कढी, सारं हाणून जेवलो. दया आली का? थोडी आली असावी, पण तोवर दुसऱ्यांदा कढी वाढली होती.

नंतर गोंदियाला सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी नेली. इंजिनीअरनं लॅपटॉप जोडला. गाडीतलं नेटवर्कचं युनिट अक्षय तृतीयेच्या आधीच मेलेलं निघालं. ते बदललं, भाषा मराठी केली. दाराचे लॉक तपासले, चांगले. मी कॉलचं सांगितलं तर म्हणाला, "सर, फोन जोडल्याशिवाय ही सिस्टीम कॉल दाखवूच शकत नाही." मी म्हटलं, खेमराजचा जुळला असेल चुकून. तो म्हणाला, नवा फोन तुम्ही परवानगी दिल्याशिवाय जुळत नाही. आणि फोनलाच रेंज नव्हती तर कॉल येईल कुठून? मामीजींचं सिम तर केव्हाच बंद झालेलं. त्यांचा फोन मामाजींनी बॅटरी काढून पेटीत ठेवला होता. मी स्वतः पाहिला.

उन्हाचा परिणाम म्हणा, सॉफ्टवेअरचा घोळ म्हणा. मी घोळ पाहिले आहेत, निम्मे स्वतःच केले आहेत. पण कोणत्या घोळाला दुसऱ्याच्या फोनातलं नाव माहीत असतं? तुमच्यापैकी कोणाकडं उत्तर असलं तर सांगा.

जेवण झाल्यावर मी हात धुवत होतो, तेव्हा मामाजी मागून आले. भूमेश्वरी शेजारीच उभी होती, पण तिच्याकडं न पाहता मलाच म्हणाले, "टेकचंद, तुझा नंबर लावून दे मले. पहिलाच ठेव." लावून दिला. आता ते केव्हाही फोन करतात. पाऊस आहे का, धान कसं निघून राहिलं, काही नाही, असाच लावला. मी अंघोळीत असो, मिलच्या गोंगाटात असो, पहिल्या रिंगला उचलतो.

आणि ऐकतो की खेमराजही आता उचलतो. कोणाचाही. कंपनीचे, लोनवाल्यांचे, चुकून लागलेलेसुद्धा. परवा मी मुद्दाम दुसऱ्या नंबरवरून लावला. अर्धी रिंगही पूर्ण वाजली नाही. "हॅलो? हॅलो, मामीजी?"

मी फोन कापला.