काठीवाल्या बाईचं मागचं आयुष्य

दातवाल्या मावशीचं काम कवळ्या बनवण्याचं. दातांच्या डॉक्टरांकडून प्लास्टरचे साचे येतात. त्यावर मेण चढवायचं, एकेक दात बसवायचा, गुलाबी हिरडी घासूनपुसून गुळगुळीत करायची, की कवळी निघाली आपल्या मालकाच्या तोंडात. माणूस कोण, त्याचे दात कशानं गेले, हे कोणी सांगत नाही आणि मावशी विचारत नाही. "मला काय करायचंय? जबडा नीट मिटला म्हणजे झालं," म्हणायची. तशी फटकळ, खळखळून हसणारी बाई. पण थोरली बहीण गेली आणि मावशीच्या आत जे काही चालायचं ते बंदच पडलं. रडली नाही, चिडली नाही. सकाळी उठायचं, साच्यांपुढं बसायचं, घरी येऊन कुकर लावायचा. ताई हा शब्दसुद्धा तिनं पुन्हा उच्चारला नाही.

बहिणीची मुलगी तिच्याजवळच राहायची. चांगली कमावती, शहाणी पोरगी. पण आई जात होती तेव्हा मावशी हॉस्पिटल सोडून कामावर जाऊन बसली होती, हे तिच्या मनात सलत होतं. तिनं कधी विचारलं नाही, मावशीनं कधी सांगितलं नाही. दोघी एकाच टेबलाशी जेवायच्या आणि भांडी घासून आपापल्या खोलीत जायच्या. शेवटी भाचीनं काकांकडं राहायला जायचं ठरवलं. सोमवारी काका गाडी घेऊन येणार होते, बॅग भरून दाराशी ठेवलेली होती. "भिंतीबरोबर राहतेय असं वाटतं गं," ती म्हणाली. मावशी म्हणाली, "बरं." अहो, पोटच्या पोरीसारखी पोर घर सोडून चाललीय आणि ही म्हणते बरं! पण खरं सांगायचं तर त्यापलीकडं तिला काही सुचतच नव्हतं.

रविवारी दुपारी भाची सायकलच्या दुकानावरच्या खोलीत गोष्टींचा एक खेळ खेळायला जायची. तिथं एकेकजण एक पात्र घेतो, आणि सूत्रधार नावाचा माणूस त्या सगळ्यांना गोष्टीतून हिंडवतो. काय होणार ते फासे ठरवतात. सूत्रधार एरवी औषधांच्या दुकानात गोळ्या द्यायचा. त्या दिवशी एक गडी कमी पडत होता. जाता जाता एकदा तरी, असं म्हणून भाचीनं मावशीला सोबत नेलं. मावशी गेली. नाही म्हणायलाही अंगात काहीतरी लागतं.

तिथली पद्धत अशी की आधी पात्राचं मागचं आयुष्य सांगायचं. जे सांगाल ते सूत्रधार गोष्टीत कधीही समोर आणून उभं करणार. हिशेबनीस म्हणून नोकरी करणाऱ्या एका गड्यानं आपल्या योद्ध्याचं आयुष्य सुरू केलं ते थांबेचना. गाव जळालेलं, बाप मारलेला, गुरू फितूर, वर दोन शाप.

"अरे, एवढं होऊन हा जिवंत कसा?" भाची म्हणाली. "आणि लढायला वेळ कधी मिळणार याला?"

"तुमचं काय, मावशी?" सूत्रधारानं विचारलं.

"बाई आहे. हातात काठी आहे."

"मागचं काही?"

"काही नाही."

यावरही त्यांचा नियम होता. ज्याचं मागचं कोरं, त्याला प्रत्येकानं एकेक प्रश्न विचारायचा आणि मनात येईल ते उत्तर लगेच द्यायचं. तेच त्या पात्राचं खरं आयुष्य.

"काठी कशाला?" हिशेबनीसानं विचारलं.

"गुडघा दुखतो."

सगळे हसले. मावशीचा चेहरा कोराच होता. मग भाचीची पाळी आली.

"घरी कोण असतं तिचं?"

"बहीण," मावशी बोलून गेली.

भाचीनं मान खाली घातली. सूत्रधाराला बिचाऱ्याला काय माहीत! गेले काही रविवार भाची आली नव्हती, का ते तिनं सांगितलं नव्हतं. खेळ सुरू झाला. डोंगर झाला, एक दरोडेखोर झाला, हिशेबनीसाचे दोन्ही शाप एकदम उलटले. बाकीचे सांगतील तेव्हा मावशी फासे टाकत होती. मग सगळे एका नगराच्या वेशीशी पोचले, तेव्हा सूत्रधारानं आपल्या पद्धतीप्रमाणे बहीण आणली.

"वेशीत तुमची बहीण बसलीय, मावशी. तुमचीच वाट बघतेय. विचारते, कुठं गेली होतीस मला सोडून?"

मावशीनं फासे खाली ठेवले.

"कवळी घासायला गेले होते, ताई," ती म्हणाली. आवाज रोजच्यासारखाच, सपाट. "आजारात हिरड्या बसल्या तुझ्या. टोचतेय गं, टोचतेय गं, म्हणत होतीस सकाळपासून. जेवत नव्हतीस. मी केलेली कवळी, मीच नीट करणार ना? थोडंसंच काम होतं. परत आले तर खाटेवर चादर ओढलेली. थांबायचं होतंस जरा."

"वा!" हिशेबनीस म्हणाला. "हे भारी आहे. एवढंसं मागचं, पण..." आणि त्याला भाचीचा चेहरा दिसला.

भाची हमसून हमसून रडत होती. खोलीत कोणाला काय करावं कळेना. सूत्रधार नुसताच "माफ करा, माफ करा" म्हणत राहिला. मावशी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तिच्या स्वतःच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. रडू यायला हवं हे तिला कळत होतं, आणि येत नव्हतं.

"कुठंय ती कवळी?" भाचीनं विचारलं.

मावशीनं पर्समधून रुमालाची पुरचुंडी काढली. भाचीनं कवळीच्या कडेवरून बोट फिरवलं. कुठंच टोचत नव्हती.

"अगं मावशी, हे मला आधी नाही का सांगायचंस? मी काय काय धरून बसले होते मनात!"

"तू विचारलं नाहीस," मावशी म्हणाली.

भाचीनं नाक पुसलं. रुमाल पुन्हा नीट बांधला आणि पर्समध्ये न ठेवता आपल्या हातातच ठेवला. मग दुसऱ्या हातानं फोन काढला आणि तिथंच, सगळ्यांसमोर, काकांना लावला. "काका, उद्या गाडी नका आणू," ती म्हणाली.