आईचा नंबर

ताडकळसला गाडी थांबली, तीसेक माणसं उतरली, चाळीसेक चढली, पण आर्वीचा मामा काही आला नाही.

मी दारात उभी. एका हातात तिकिटाचं मशीन आणि दुसऱ्या हातात सहा वर्षांच्या मुलीचं मनगट. आठवडी बाजाराचा दिवस, स्टँडवर पाय ठेवायला जागा नव्हती. मोटरसायकलवाला दिसला की मी विचारायची, "हा का गं तुझा मामा?" ती नकारार्थी मान हलवायची. आमचे ड्रायव्हर गफूरभाई हॉर्नवर हॉर्न मारत होते.

मी बसवर कंडक्टर आहे. वीस वर्षं होत आली. डेपोत मी भांडखोर म्हणून ओळखली जाते आणि ते नाव मी मेहनतीने कमावलंय. दारूडा असो, पुढारी असो, तिकीट फाडल्याशिवाय मी कुणाला सोडत नाही. 

आमच्या कामात कुठल्याच कागदावर नसलेलं एक काम असतं. लोक कंडक्टरच्या हातात काहीबाही देतात. जेवणाचा डबा, औषधाची पिशवी, लग्नपत्रिकांचा गठ्ठा. अमुक ठिकाणी माणूस येईल, त्याला द्या. तशीच लेकरंही देतात. डब्याबद्दल जेवढं सांगतात तेवढंच लेकराबद्दल सांगतात. साहेबांना विचारलं तर ते नाहीच म्हणतील, म्हणून कोणी साहेबांना विचारत नाही.

आर्वीला परभणीच्या स्टँडवर तिच्या आजोबांनी आणलं होतं. पांढरं धोतर, कडक इस्त्रीचा सदरा, हातात नातीची कापडी पिशवी. बोलणं एकदम अदबीचं.

"बाई, ही माझी नात. ताडकळसला उतरवा. मामा येयलाय मोटरसायकल घेऊन."

"एकटीच जाणार?"

"एकटी कशी? तुमी हायेत की!"

असं कोणी म्हटलं की माणूस फुशारतो. मीही फुशारले. हाफ तिकीट फाडलं, तिला माझ्या शेजारच्या सीटवर खिडकीशी बसवलं. आजोबांनी पिशवीत चिठ्ठी ठेवली होती, त्यावर मामाचं गाव आणि नंबर. मी दोनदा घंटी मारली. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला, एवढीच आमची भाषा. गाडी निघाली.

पोरगी बोलकी होती. पिंगळी यायच्या आतच तिने पाण्याची बाटली संपवली. मग माझी अर्धी प्याली. पिंगळीच्या पुढे म्हणाली, शूला जायचंय. गाडी थांबवली. मागून एकजण कुरकुरला, त्याला मी गप्प केलं. परत येऊन बसली आणि एकदम खुशीत म्हणाली, "मामाच्या गावाला सुई न्हाई."

"कसली सुई गं?"

"टोचायची. आजोबानं सांगितलंय, तिथं कुणीच टोचत न्हाई."

मी हसले. मला वाटलं, डॉक्टरला घाबरत असेल. सगळीच लेकरं घाबरतात. तेवढ्यात पुढचा थांबा आला आणि मी तिकिटं फाडायला उठले.

आता ताडकळसला मामाचा फोन लावला तर बंद. पुन्हा लावला, बंद. गाडीत ग्रामसभा भरली. एक म्हातारा म्हणाला, चहावाल्यापाशी बसवा. एक मास्तर म्हणाले, शेवटच्या थांब्याला, पूर्णेला न्या आणि परतीच्या फेरीत आणा. मागची बाई म्हणाली, "आसं कसं वो धाडत्यात लेकराला?" आणि पुन्हा शेंगा फोडायला लागली. सगळ्यांनी मत दिलं. आर्वीला कोणी विचारलं नाही. तिच्या आईला विचारावं हे तर माझ्यासकट कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

तेवढ्यात रुक्मिणबाई पुढे झाली. बांगड्या विकते, दर बाजाराला माझ्या गाडीने येते. म्हणाली, "द्या हिकडं. हिच्या मामाचं गाव आमच्या शेजारचंच हाय. बाजार उठला की नेऊन सोडते. तुमी जावा, काळजी करू नका."

मला हायसं वाटलं. आर्वीची नजर बांगड्यांच्या पेटीवर होती, ती लगेच तिच्या मागे गेली. मी दोनदा घंटी मारली.

पूर्णेच्या स्टँडवर गाडी लागते न लागते तोच फोन वाजला. परभणीचे कंट्रोलर, म्हणजे स्टँडवर गाड्यांची ये-जा बघणारे साहेब.

"मॅडम, तुमच्या गाडीत एक लहान मुलगी आहे का? आर्वी नावाची?"

"होती."

"होती म्हणजे?"

"ताडकळसला उतरवली."

"कुणाच्या ताब्यात दिली?"

मी उत्तर द्यायच्या आत त्यांच्या हातातून फोन कुणीतरी ओढून घेतला. बाईचा आवाज. धाप लागलेली.

"मी तिची आई. कुणाला दिली माझी लेक?"

"रुक्मिणबाईला."

"कोण रुक्मिणबाई?"

खरंच, कोण रुक्मिणबाई? इतकी वर्षं ही बाई माझ्या गाडीत बसते. मला तिचं आडनाव माहीत नव्हतं. गाव नीट माहीत नव्हतं. फोन नंबर तर नव्हताच. 

"बाई, तिला शुगर हाय," आई म्हणाली. "इंजेक्शनवर हाय ती. जेवायच्या आधी द्यावं लागतंय, दुपारचं राहिलंय. इंजेक्शनचं पेन माझ्यापाशी हाय, माझ्या हातात हाय बघा. तिला कुणी काही खाऊ घातलं तर?"

सहा वर्षांच्या लेकराला शुगर असते हे मला तेव्हा कळलं. मोठ्यांचं बऱ्याचदा गोळीवर भागतं, अशा लेकरांचं भागत नाही. इन्सुलिन टोचावंच लागतं, दिवसातून चार वेळा. नाही टोचलं तर तहान लागते, सारखं शूला होतं, मग उलट्या, मग पोर गळून जातं आणि पुढे जिवावरही बेततं. माझ्या डोळ्यांपुढे ती रिकामी बाटली आली.

झालं होतं असं. आई, सुनीता, परभणीत कापडाच्या दुकानात कामाला. बाप पुण्याला. आर्वीची शाळा सकाळची होती. सुनीता दुपारी सुट्टी घेऊन इंजेक्शन द्यायला घरी आली, तर लेक नाही. सासरे शांतपणे म्हणाले, मामाकडं धाडली. रोज चार वेळा लेकरू रडतंय, बघवत न्हाई. आठ दिवस मोकळी हवा खाऊ दे, टोचण्यानंच आजार वाढायलाय. माणूस वाईट नव्हता. नातीचं रडणं त्याला सहन होत नव्हतं, एवढंच. पण त्यावरचा इलाज त्याने आपल्या मनाने ठरवला, आणि मी त्याला हाफ तिकीट फाडून दिलं.

परतीच्या फेरीला पंधरा मिनिटं होती. ती पंधरा मिनिटं मी कशी काढली ते माझं मला माहीत. ताडकळसच्या चहावाल्याचा नंबर होता. त्याला म्हटलं, रुक्मिणबाईला शोध. तो म्हणाला, "बाई, बाजारात बांगड्यावाल्या लय हायेत, अन् दुकानात मी एकटा." मी त्याला नको ते बोलले. त्याने फोन ठेवला. मग ओळखीच्या भाजीवाल्याला लावला, तो उचलेना. गफूरभाईंनी चहा आणला होता, तो तसाच गार झाला.

"बाई, बसा," ते म्हणाले. "वेळ झाली की मी एक मिनिट थांबणार न्हाई. अल्ला बघून घेईल."

गाडी निघाली. पूर्णा ते ताडकळस हा रस्ता मी हजारदा केलाय. त्या दिवशी प्रत्येक हात करणाऱ्या माणसाचा मला राग येत होता. सुनीताचा नंबर मी आता मोबाईलमध्ये घेतला होता. ती रिक्षा करून निघाली होती. दर पाच मिनिटांनी तिचा फोन. "सापडली का?" मी म्हणायची, "पोचायलोत." तिकडून नुसता रिक्षाचा आवाज यायचा.

ताडकळसला गाडी थांबायच्या आत मी उतरले. मशीन आधीच गफूरभाईंच्या हातात दिलं होतं. प्रवाशांनी भरलेली गाडी सोडून कंडक्टरने बाजारात पळायचं नसतं, हे मला ठाऊक होतं. खाकीत पळणारी बाई बघून लोक बाजूला होत होते. कुणीतरी ओरडलं, "खिसा कापला का वो कुणी?" बांगड्यांची रांग मारुतीच्या देवळाकडे होती. पहिली बाई रुक्मिणबाई नव्हती. दुसरी नव्हती. तिसऱ्या पेटीपाशी घोळका दिसला, मी त्यात घुसले.

आर्वी रुक्मिणबाईच्या मांडीवर आडवी होती. हातात मनगटभर हिरव्या बांगड्या. ओठ कोरडे, डोळे अर्धे मिटलेले. शेजारी जिलेबीचा कागद.

"उपाशी होतं वो लेकरू," रुक्मिणबाई रडवेली होऊन म्हणाली. "म्हणून घेऊन दिली. दोनदा वकली. ऊन लागलं आसंल."

"नजर लागली," दुसरी म्हणाली.

तिसरीने लिंबू सरबताचा ग्लास पुढे केला. "साखर जास्तीची घातलीय. तरतरी येईल."

मी ग्लास घेतला. खरं सांगते, वाकून तिच्या तोंडाला लावणारच होते. हातापायातला जीव गेलेल्या लेकराला कोणी साखरेचं पाणी पाजतं, यात विचार कसला करायचा? मग माझा हात थांबला. मी ग्लास खाली ठेवला आणि फोन लावला.

"सापडली. शुद्धीत आहे, पण मलूल आहे. जिलेबी खाल्ली, दोनदा उलटी झाली. सरबत देऊ का?"

"न्हाई! साखर बिलकूल न्हाई!"

"साधं पाणी?"

"थोडं थोडं. घोट घोट."

"इथे थांबवू की गाडीत घेऊन निघू?"

"घेऊन निघा. मी पिंगळीला उभी राहते. तिला मांडीवर घ्या. झोपू देऊ नका, बोलत राहा."

इतक्या सरळ गोष्टी होत्या. विचारलं की उत्तर मिळत होतं.

गफूरभाईंनी मधल्या थांब्यांवर फक्त उतरणाऱ्यांसाठी गाडी थांबवली. नव्या माणसांना घेतलं नाही. पूर्णेपासून बसलेले लोक, बाजारचे लोक, एकजणही कुरकुरला नाही. मी आर्वीला विचारत होते, शाळेत शेजारी कोण बसतं, बाईंचं नाव काय. ती हळूहळू उत्तरं देत होती. मग म्हणाली, "आईला सांगू नका मी जिलेबी खाल्ली." मला रडू आलं. सगळ्या गाडीसमोर मी रडले.

पिंगळीला सुनीता रस्त्याच्या मधोमध उभी होती. चढली, लेकीच्या बोटाला सुई टोचली, छोट्या मशीनवर रक्ताचा थेंब घेतला. आकडा बघून तिचा चेहरा उतरला, पण हात हलला नाही. पोटाला इंजेक्शन दिलं. आर्वी थोडीशी रडली. आईने सुई टाकली, पेन बंद केलं, लेकीला कुशीत घेतलं आणि मग पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

मला वाटलं, आभार मानेल. लाज वाटते सांगायला, पण वाटलं.

ती म्हणाली, "गाडीत बसवताना एक फोन मला करायचा होता."

"तुमचा नंबर माझ्याकडे नव्हता हो."

"मागितला होता का?"

मी उठून दोनदा घंटी मारली.

परभणीला गाडी आम्ही थेट दवाखान्याच्या दारात नेली. आर्वी तीन दिवस ॲडमिट होती, बरी होऊन घरी गेली. मामा दुसऱ्या दिवशी आला. तो वसमतला हळद विकायला गेला होता. आजोबांनी निरोप त्याच्या घरी ठेवला होता, त्यालाही कुणी विचारलं नव्हतं. आजोबा दवाखान्याच्या जिन्यावर बसून होते. सुनीता त्यांच्याशी बोलत नव्हती, पण चौथ्या दिवशी तिने त्यांना पेन हातात देऊन इंजेक्शन कसं द्यायचं ते शिकवलं. हे मला तिनेच सांगितलं, फोनवर, कोरड्या आवाजात.

डेपो मॅनेजर साहेबांनी मला बोलावलं. गाडी सोडून गेले, थांबे गाळले, मार्ग बदलला. गफूरभाईंनाही तेच. लेखी खुलासा मागितला, आम्ही दिला, दोघांना ताकीद मिळाली. मुलीला अनोळखी बाईच्या ताब्यात दिल्याबद्दल साहेबांनी एक शब्दही विचारला नाही. त्याचा रकाना त्यांच्या कागदावर नव्हता.

लोक अजूनही लेकरं आणतात. मी नाही म्हणत नाही. फक्त म्हणते, आधी आईला फोन लावा, मी स्वतः बोलते. परवाच एक आजोबा संतापले. "मी सख्खा आजोबा हाय! मला कुणाची परवानगी लागती?"

"लागते," मी म्हटलं. "मलापण लागते."

त्यांनी फोन लावला. तोवर मी घंटी मारली नाही.