अभिनंदनाच्या पत्राखालची सही

पाचवा मैल संपला तेव्हा मार्लीस पहिल्यांदा थांबली. रस्त्याकडेच्या दगडावर बसून तिने उजवा बूट काढला, उलटा केला आणि झटकला. हरभऱ्याएवढा खडा बाहेर पडला.

"एवढा खडा घेऊन पाच मैल लंगडत आलीस?" मी विचारलं.

"थांबले असते तर ट्रेंट पुढे गेला असता. आणि पुढे गेला की तो वळून आपल्यासाठी टाळ्या वाजवतो. त्यापेक्षा खडा बरा."

ट्रेंट आमच्या ऑस्टर्लंड कॉलेजच्या प्रवेश विभागाचा मुख्य. दोन वर्षांपूर्वी आला. त्याआधी तो हॉटेलच्या खोल्या भरायचं काम करायचा, म्हणजे कोणती खोली कोणत्या दिवशी किती स्वस्त केली की गिऱ्हाईक येतं ते बघायचं. कॉलेजला वाटलं, हाच माणूस आपल्याला हवा. कॉलेजचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

दर एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी कॉलेजची नोकरमाणसं गरजू मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी नऊ मैल चालतात. प्रत्येकाने वीस डॉलर द्यायचे आणि एक पिवळा शर्ट घ्यायचा. तो शर्ट कॉलेजला सतरा डॉलरला पडतो, हे मला मार्लीसनेच सांगितलं. उरलेल्या तीन डॉलरांसाठी आम्ही आयोवाच्या वाऱ्यात, अजून न पेरलेल्या शेतांमधून, मोठ्या पुण्याईने चालत होतो.

मार्लीस टीसेन तेव्हा त्रेसष्ट वर्षांची होती. गावाबाहेरच्या डुकरं पाळणाऱ्या घरातली मुलगी, नवरा जाऊन बारा वर्षं झालेली. कॉलेजच्या आर्थिक साहाय्य कार्यालयात तिची एकतीस वर्षं गेली. तिच्या टेबलावर पेपरमिंटच्या गोळ्यांची बशी असे आणि डोळे पुसायच्या कागदांचं खोकं. बाप मंडळी गोळी उचलत, आया कागद. मी त्याच कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकं द्यायच्या टेबलावर एकोणीस वर्षं बसले, त्यामुळे दुपारचा डबा आम्ही बरोबर खायचो. तिच्या डब्यात कायम हॅमचं सँडविच असे. माझ्या डब्यातली उसळ ती एकदाच चाखून म्हणाली होती, "चांगली आहे गं, पण ही परत कुणाला देऊ नकोस."

आमच्या कॉलेजची फी वर्षाला एकसष्ट हजार डॉलर. ती कोणी भरत नाही. प्रवेश मिळालेल्या प्रत्येक मुलाला 'संस्थापक शिष्यवृत्ती' मिळते, तेहतीस हजारांची. संस्थापक पाद्रीबाबांनी मरताना कॉलेजला एक दुभती गाय आणि एक बायबल ठेवलं होतं, असं ग्रंथालयातल्या इतिहासात लिहिलं आहे.

"मग हे शिष्यवृत्तीचे पैसे येतात कुठून?" पहिल्या वर्षी मी भाबडेपणाने विचारलं होतं.

"येतात कुठून? कुठूनच नाही. आधी वर चढवायचे, मग खाली उतरवायचे. शिडी तीच, बाई."

आमच्याकडे कराडला सेलच्या आदल्या रात्री किमतीच्या चिठ्ठ्या बदलणारा दुकानदार होता. त्याला लोक लबाड म्हणत. त्याने नुसतं 'अभिनंदन' म्हणायला हवं होतं, एवढंच त्याचं चुकलं.

एकदा मात्र कॉलेजचा हा कारखाना बंद पाडायचा प्रयत्न झाला होता. नऊ वर्षांपूर्वीचे अध्यक्ष आधी चर्चमध्ये पाद्री होते. ते म्हणाले, यापुढे खोटं नको. जी खरी आहे तीच फी छापायची, अठ्ठावीस हजार, आणि शिष्यवृत्ती बंद. मार्लीसला इतका आनंद झाला की तिने सगळ्या कार्यालयाला स्वतःच्या हातची, ऱ्हुबार्बच्या आंबट देठांची गोड 'पाई' खाऊ घातली. त्या वर्षी अर्ज एक तृतीयांशाने घटले. एवढ्या स्वस्तात देतात म्हणजे काहीतरी खोट असणार, असं लोकांना वाटलं. दुधाचा धंदा असलेला एक बाप तर तिच्या टेबलापाशी येऊन उभाच राहिला.

"पलीकडचं कॉलेज माझ्या पोराला तीस हजारांची शिष्यवृत्ती देतंय. आणि तुम्ही? शून्य?"

"अहो, पण तिथे तुम्हाला खिशातून बत्तीस हजार भरावे लागतील. इथे अठ्ठावीस."

"ते मला समजतं हो. गणित येतं मला. पण बक्षीस समारंभात त्याच्या नावापुढे काय वाचतील?"

मे महिन्यात इथल्या प्रत्येक गावातल्या शाळेत हा समारंभ असतो. मुख्याध्यापक एकेका मुलाचं नाव घेतात आणि कोणत्या कॉलेजने किती हजारांची शिष्यवृत्ती दिली ते मोठ्याने वाचतात. आजीआजोबा पुढच्या रांगेत बसून ऐकतात, गावच्या वर्तमानपत्रात यादी येते. वर्षाला चार हजार वाचले, हे काही कोणी माईकवर वाचत नाही. त्या मुलाने पलीकडचं कॉलेज घेतलं. पुढच्या वर्षी अध्यक्ष परत चर्चमध्ये गेले, फी चोपन्न हजार झाली आणि अर्ज वाढले.

तेव्हापासून मार्लीस खऱ्या गोष्टी फक्त डब्याच्या वेळी बोलायची.

तिची नात डेलनी. दोन वर्षांची असताना तिची आई तिला आठ दिवसांसाठी म्हणून मार्लीसकडे ठेवून ॲरिझोनाला गेली, ती तिकडेच राहिली. पोर आजीच्या पंखाखाली वाढली. बाराव्या वर्षापासून ती गावच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवते. माझा देव वेगळा, पण तिचे पाय खालच्या पट्ट्यांवर फिरायला लागले की मी मागच्या बाकावर हात जोडूनच बसते. तिला तेच शिकायचं होतं. सरकारी विद्यापीठाने ऑर्गनचा अभ्यासक्रम बंद करून टाकलेला. राहिलं आमचं कॉलेज. तिथे जुना मोठा ऑर्गन होता आणि तो शिकवणारा एक म्हातारा होता.

कॉलेजच्या नोकरांच्या मुलांना फी माफ असते. मुलांना, नातवंडांना नाही. नात दत्तक घेतली असती तर ती मूल ठरली असती. साधी कोर्टाची पालकत्वाची कागदपत्रं केली असती, तरी सरकारी मदतीच्या अर्जावर आईची कमाई लिहावी लागली नसती. आता लिहावी लागली, आणि आईच्या नव्या नवऱ्याचा ॲरिझोनात पोहण्याचे तलाव बांधायचा धंदा जोरात चालतो. कागदावर डेलनी श्रीमंताघरची झाली.

एकतीस वर्षं मार्लीस त्या टेबलावर बसून नातवंडं सांभाळणाऱ्या प्रत्येक आजीला दटावून सांगत आली, "आधी कागद करा. माया नंतर." आणि स्वतः?

"सोळा वर्षं तो पालकत्वाचा अर्ज माझ्या स्वयंपाकघरातल्या रुमालांच्या कप्प्यात पडून होता," ती एकदा मला म्हणाली. "भरला असता तर लेकीला कळवावं लागलं असतं की तू आता आई नाहीस. ती परत येईल असं वाटायचं गं मला."

मार्चमध्ये डेलनीचं पत्र आलं. मार्लीसने ते स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचलं. 'अभिनंदन! तुमच्या असामान्य गुणवत्तेची दखल घेऊन...'

"मला खरंच भरून आलं, सांगते तुला," मार्लीस म्हणाली. "असामान्य गुणवत्ता! म्हटलं, कुणीतरी ओळखलं आपल्या पोरीला. मग खाली सही बघितली. माझीच. त्या आठवड्यात मी अकराशे पत्रांवर केली होती."

संस्थापकांचे तेहतीस हजार वजा जाता अठ्ठावीस उरले. मार्लीसचा पगार वर्षाला एक्केचाळीस हजार. आणखी दहा हजार कमी झाले तर कसंतरी जमलं असतं. अशा विनंत्या तिच्याच टेबलावर येतात, पण घरच्या माणसाचं काम तिला करता येत नाही, म्हणून ती ट्रेंटकडे गेली. त्याने तिला खुर्ची दिली, पाण्याची बाटली दिली.

"मार्लीसबाई, तुम्हाला मी काय सांगणार? तुम्हीच मला शिकवलंत. एक मेपर्यंत थांबा. वर्ग भरला तर माझ्याकडे कुणासाठीच काही नाही. भरला नाही, तर ज्यांनी अजून जागा राखायचे तीनशे डॉलर भरले नाहीत, त्यांच्यासाठी मी पाकीट उघडणार. दोनशे ऐंशी मुलं झाली की वर्ग भरला."

"आणि फारच कमी आले तर?"

"दोनशे साठच्या खाली गेलो तर विश्वस्त संगीत विभाग बंद करणार आहेत. ऑर्गनला गिऱ्हाईकसुद्धा बघून ठेवलंय. हे माझ्याकडून कळलं असं कुठे बोलू नका."

हे सगळं तिने मला पाचव्या आणि आठव्या मैलाच्या मध्ये सांगितलं. एक मेला, म्हणजे येत्या बुधवारी, संध्याकाळी पाचला आकडा निघणार होता, आणि त्याच रात्री बारापर्यंत डेलनीने सरकारी विद्यापीठाला हो किंवा नाही कळवायचं होतं. तिथे ती हिशेबनीस होण्याचा अभ्यासक्रम घेणार होती.

"आज किती झालेत?" मी विचारलं.

"काल संध्याकाळी दोनशे सत्तेचाळीस. दिवसभर मीच फोन करत होते. आया विचारतात, घेऊ का हो प्रवेश? जास्त जणींनी घेतला तर माझ्या पोरीचं पाकीट मिटलं. कमी जणींनी घेतला तर तिचा ऑर्गन गेला. काल एका बाईला मी म्हटलं, घ्या. दुसरीला म्हटलं, दोन दिवस विचार करा. एकतीस वर्षांत असं कधी केलं नव्हतं मी."

शेवटच्या चढावर ट्रेंट उभा होता. आम्हाला बघून त्याने टाळ्या वाजवल्या, "वा वा, मुलींनो! आलंच आता!" मार्लीसने त्याला हात केला. तो पुढे गेल्यावर तिने माझा दंड धरला आणि मला रस्त्याच्या कडेला ओढलं.

"तू रोज सकाळी आंघोळ झाली की देवापुढे बसतेस ना?"

"बसते."

"आमच्या पाद्रीला मी हे सांगू शकत नाही. तो म्हणेल, देवाची इच्छा असेल तसं होऊ दे. मला तसं नकोय. तुझ्या देवाला हिशेब चालतो?"

"अजून कधी विचारलं नाही."

"मग विचार. चारच दिवस. दोनशे साठच्या खाली नको म्हणावं, आणि दोनशे ऐंशीच्या वर तर अजिबात नको. आणि विमल, माझं नाव घालू नकोस. पोरीचं घाल."